घुबडाच्या पिल्लांचे फोटो: कमाटीबागेतल्या ढोलीपासून महीच्या कोतरांपर्यंत

एक साधी कसोटी आधीच सांगून टाकते. तुम्ही समोर बसलेले असताना आई-बाप पाल किंवा नाकतोडा घेऊन नेहमीसारखे ढोलीत शिरत असतील, तर तुमची जागा बरोबर आहे. घास चोचीत धरून ते शेजारच्या फांदीवर नुसतेच बसून राहिले, तर तुम्ही फार जवळ आहात. मग लेन्स कितीही लाखाची असो, उठायचं आणि मागं सरकायचं. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या कसोटीला धरूनच आहे.

वडोदऱ्यात राहणाऱ्याला या कामासाठी लांब जायची गरज पडत नाही. सयाजीरावांच्या काळात, १८७९ साली, उभी राहिलेली कमाटीबाग, विद्यापीठाची जुनी आवारं, विश्वामित्रीच्या काठचे वड-पिंपळ, दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातले जुने वाडे, गावाबाहेर पादरा-डभोईकडची शेतं आणि सिंधरोटच्या बाजूला मही नदीची कोतरं, म्हणजे मातीच्या खोल घळी. घुबडांना लागतं तेवढं सगळं इथे आहे: म्हातारी झाडं, पडके कोपरे आणि उंदीर.

कोणाची पिल्लं, आणि केव्हा

सुरुवात पिंगळ्यापासून करा. जेमतेम २१ सेंटिमीटरचा हा पक्षी माणसांच्या वस्तीला सरावलेला असतो, दिवसाउजेडीही ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो, आणि संध्याकाळी अख्खं कुटुंब किचकिचाट करून स्वतःच आपला पत्ता सांगतं. आपल्याकडे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल त्याचा विणीचा हंगाम. मादी तीन-चार अंडी घालते आणि सगळी अंडी व्हायची वाट न बघता उबवायला बसते, म्हणून पिल्लंही मागेपुढे बाहेर येतात. एका ढोलीत एक थोराड आणि एक अगदीच चिमुकलं दिसलं तर गोंधळू नका, भावंडंच आहेत ती. महिनाभर उबवणं आणि पुढे महिनाभर ढोलीतलं बालपण असा हिशेब धरला, तर मार्चअखेर ते मे हा काळ तुमचा.

शृंगी घुबडाचं वेळापत्रक याच्या पुढे धावतं. नोव्हेंबरपासूनच ते अंडी घालू लागतं, तीही कोतराच्या कड्यावर, कपारीतल्या उघड्या मातीत. काडीकचऱ्याचं घरटं नाही. त्यामुळे जानेवारी ते मार्च महीच्या कोतरांत पिल्लं असू शकतात. आणि गव्हाणी घुबड? त्याला ठरावीक महिना नाही. उंदीर मुबलक असले की त्याचा संसार चालू.

नवख्या माणसाने शृंगी घुबडाच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पिंगळ्याचं कुटुंब एक हंगामभर बघून झालं की घुबडांचं वागणं डोळ्यांत बसतं. मग कोतरात उतरावं.

ढोली शोधताना

कॅमेरा घरी ठेवा. दुर्बीण आणि एक वही पुरे.

झाडाखाली आधी जमीन बघायची. बुंध्याशी चुन्यासारखे पांढरे ओघळ आणि राखाडी, लांबट गोळ्या दिसल्या की वर मान करा. घुबड भक्ष्याचे न पचलेले केस, हाडं, किड्यांची कवचं यांची गोळी करून तोंडाने बाहेर टाकतं. पिंगळ्याच्या गोळीत भुंग्यांच्या चमकदार पाठी जास्त सापडतात, गव्हाणीच्या गोळीत उंदराची अख्खी कवटी निघते. काडीने गोळी फोडून बघायला हरकत नाही, फक्त नंतर हात धुवा.

दुसरी खूण कानाने घ्यायची. सकाळी एखाद्या झाडाभोवती बुलबुल, कोतवाल, साळुंक्या आणि खारी एकदम कालवा करत असतील, तर पानांत बहुतेक घुबड नाहीतर साप असतो. तिसरा मार्ग सगळ्यात सोपा: माळी, वॉचमन, पहाटे फिरायला येणारे काका. मात्र गुजराती माळीकाकांना ‘पिंगळा’ विचारलंत तर ते तुमच्याकडे बघतच राहतील. ‘चीबरी’ म्हणा, म्हणजे बोट दाखवतील. गव्हाणीला इथे ‘रेवीदेवी’ म्हणतात.

ढोली सापडली की लगेच नाचू नका. पोपट आणि साळुंक्याही त्याच ढोलींवर टपलेल्या असतात. संध्याकाळी लांबून बघा, आत-बाहेर कोण करतंय ते.

वहीतल्या संध्याकाळी

पिल्लं डोकवायला लागायच्या आधीचे दिवस नुसते बघण्यात घालवा. बरेच जण नेमका हाच टप्पा गाळतात आणि मग त्यांच्याकडे ढोलीतून बघणाऱ्या तोंडाचा तोच तो फोटो उरतो.

वहीत काय लिहायचं? बाप कोणत्या फांदीवरून येतो. ढोलीत शिरायच्या आधी कुठे थांबतो. सूर्यास्तानंतर किती वेळाने पहिली खेप होते. मार्चच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, आणि पिंगळे बरेचदा त्याआधीच हालचाल सुरू करतात. म्हणजे वापरण्याजोगा उजेड मिळतो. ती ‘थांबायची फांदी’ फार मोलाची. तुमचा उत्तम फोटो ढोलीवर नाही, तिथे मिळणार आहे. पिल्लं उडाल्यावरही पहिले दिवस त्याच फांद्यांच्या आसपास भीक मागत बसतात.

याच संध्याकाळी पक्ष्याची भाषाही कळते. पिंगळा डोकं वरखाली झुलवत तुमच्याकडे टक लावून बघतोय, म्हणजे त्याने तुमची दखल घेतली. अंग चोरून, ताठ होऊन, डोळे बारीक करून बसला, म्हणजे तो लपायला बघतोय. शृंगी घुबडाची ‘शिंगं’, म्हणजे डोक्यावरचे पिसांचे झुबके, ताठ उभी राहिली, चोच टकटक वाजू लागली, पिल्लाने पंख फुलवून स्वतःला दुप्पट केलं, की निघायची वेळ टळून गेली आहे. पंख फुलवून गुरकावणाऱ्या पिल्लाचे फोटो इंटरनेटवर भरपूर वाहवा मिळवतात. जाणकार माणूस असा फोटो बघितला की विचारतो, एवढं घाबरवलं कोणी?

बसायची जागा आणि लेन्सचा हिशेब

पिंगळ्यासाठी १५ मीटर हे सुरुवातीचं अंतर धरा. शहरातला, माणसांना सरावलेला पिंगळा याहून जवळ चालवून घेतो, शेतातला नाही. १५ मीटरवरून ४०० मिमी लेन्स आणि क्रॉप सेन्सरवर (कॅमेऱ्यातला लहान आकाराचा सेन्सर) पिंगळा चौकटीच्या उंचीचा साधारण तिसरा भाग व्यापतो. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर तेवढंच मिळवायला ६०० मिमी लागेल. ढोलीतून नुसतं डोकं बाहेर असेल तर ते चौकटीत लहानच दिसणार, आणि तसंच दिसू द्या. वडाच्या खोडावरच्या गाठी, सालीचे थर, पारंब्यांची सावली आणि त्यात मधोमध दोन पिवळे डोळे. पोस्टकार्डावर मावेल एवढ्या चेहऱ्यापेक्षा हा फोटो जास्त काही सांगतो.

हातात ७०-३०० मिमी लेन्स असेल तर जवळ जाऊन तिची उणीव भरून काढायला जाऊ नका. मोठी चौकट घ्या.

बसताना झाडाच्या अगदी समोर न बसता थोडं बाजूला बसा आणि आई-बापांच्या येण्या-जाण्याच्या वाटेत येऊ नका. पाठीमागे भिंत किंवा झुडूप असू द्या, म्हणजे आकाशावर तुमची आकृती उठून दिसणार नाही. पांढरा शर्ट टाळा. शेतात असाल तर गाडीतून उतरूच नका. गाडीला पक्षी फारसे भीत नाहीत, खिडकीच्या काचेवर राजमा भरलेली जुन्या जीन्सची पिशवी ठेवली की तिपाईची गरज उरत नाही. बागेत ठरलेल्या जागी रोज एकाच वेळी जाऊन बसलात तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पिंगळे तुमच्याकडे बघायचं सोडून देतात.

दोन गोष्टी कधीही करायच्या नाहीत. पहिली, समोरची फांदी किंवा पानं ‘जरा’ बाजूला बांधणं. ती पानं म्हणजे पिल्लांची सावली आणि आडोसा आहे. एप्रिलमध्ये आपल्या शहरात पारा चाळिशी ओलांडतो. उघडं पडलेलं पिल्लू धापा टाकत गळा थरथरवत बसतं आणि कावळ्यांना दुरून दिसतं. दुसरी, मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवणं. विणीच्या दिवसांत बापाला वाटतं, हद्दीत परका नर शिरला. शिकार सोडून तो तुमच्या मोबाइलशी भांडत बसतो आणि पिल्लं उपाशी राहतात.

कॅमेऱ्याचं

ढोलीतलं किंवा फांदीवर बसलेलं पिल्लू बराच वेळ निश्चल असतं. आधार असेल तर १/२५० सेकंदाचा शटर चालून जातो. डोकं गर्रकन फिरवतात तेव्हा १/५०० हवा. पंख फडफडवण्याचा सराव करणाऱ्या पिल्लासाठी १/१६०० च्या खाली येऊ नका. उजेड नसेल तर तो फोटो सोडून द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी परत करतील ते तोच उद्योग. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं, म्हणजे एफ/५.६ किंवा ६.३. ऑटो आयएसओ (उजेड पाहून कॅमेरा आपली संवेदनशीलता स्वतः बदलतो ती सोय) लावून कमाल मर्यादा ६४०० ठेवा. थोडे दाणे दिसले तरी चालतात, हललेला डोळा चालत नाही.

एक्स्पोजरची गोची ढोलीपाशी होते. चौकटीत काळोख जास्त, म्हणून कॅमेरा सगळं उजळवायला बघतो आणि चेहऱ्यावरचे पांढरे पट्टे जळून जातात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सोय, उणे ०.७ पासून सुरू करा. गव्हाणीच्या पांढऱ्या लव असलेल्या पिल्लांना अंधाऱ्या कोनाड्यात याहूनही कमी लागतं. उलट पिल्लू आकाशासमोरच्या फांदीवर असेल तर अधिक १ कडे जा, नाहीतर काळी बाहुली मिळेल.

उडालेली भावंडं एका फांदीवर ओळीने बसतात, तो फोटो सगळ्यांनाच हवा असतो. ४०० मिमी, एफ/५.६, १५ मीटर आणि क्रॉप सेन्सर या हिशेबात स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढं धारदार येतं तेवढं अंतर, साधारण ३० सेंटिमीटर मिळते. म्हणून फांदी तुमच्याशी काटकोनात, आडवी येईल अशी जागा घ्या. फांदी तिरपी असेल तर एक पिल्लू धारदार आणि दोन धूसर, आणि घरी येऊन ते संगणकावर सुधारता येत नाही.

फ्लॅश बंद. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर बंद. फोकसला मदत म्हणून कॅमेऱ्यातला जो लाल दिवा लागतो तोही मेनूत जाऊन बंद करा. पुष्कळ लोक हा विसरतात. सकाळी अकराच्या पुढे मार्च-एप्रिलमध्ये तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते आणि लांबचं काहीच धारदार येत नाही. तेव्हा लेन्सला दोष न देता जेवायला घरी जा.

उजेडाबद्दल एक आवडीची गोष्ट. पिल्लाच्या डोक्यावरची लव अजून झडलेली नसते. मोठ्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, पिल्लाच्या डोक्यावर ते पुसट, धुरकट. सूर्य पिल्लाच्या मागे असताना, मावळायच्या आधीच्या पंधरा-वीस मिनिटांत, त्या लवेची कड पेटते आणि एकेक तंतू वेगळा दिसतो. मागून येणारा उजेड घ्यायचा असेल तर जागा आधीच पश्चिमेकडे तोंड करून ठरवावी लागते, आयत्या वेळी उठून पळापळ करून नाही.

वाड्यातलं गव्हाणी घुबड

इथे झाडापेक्षा माणसं सांभाळायची असतात. दांडिया बाजारातल्या एका वाड्यात माळ्यावर गव्हाणीचं बिऱ्हाड होतं. शेजारच्यांना ते अपशकुनी वाटे. धूर करून उठवा म्हणत होते. वाड्यातल्या आजींनी विषय मिटवला. “लक्ष्मीचं वाहन आपणहून घरात आलंय, त्याला धूर कसला घालताय? आणि यंदा कोठीत उंदीर दिसला का एक तरी?” मग माझ्याकडे वळून, “तू काढ गं फोटो. पण माळ्यावर चढायचं नाही. गच्चीतून दिसेल ते दिसेल.”

आजींनी घातलेली अट छायाचित्रकाराच्याही सोयीची आहे. माळ्यावर चढलात तर पिल्लं कोपऱ्यात दबतात, घाबरून कडेवरून खाली पडू शकतात, आणि वर फोटोही वाईट येतो. समोरच्या गच्चीतून झरोका दिसत असेल तर तिथेच बसा. अंधार पडताना आतून कुकरची शिटी व्हायच्या आधीच्या वाफेसारखा लांब फुसकारा येऊ लागतो. पिल्लं भूक लागली म्हणून ओरडत असतात. मोठं पिल्लू झरोक्यात येऊन बसतं, हृदयाच्या आकाराचा चेहरा आणि काळेभोर डोळे. गल्लीतल्या दिव्याचा उजेड भिंतीवर पडत असेल तर तोच वापरा: तिपाई, १/६० च्या आसपास शटर, आणि पिल्लू थबकेल त्या क्षणाची वाट.

महीच्या कोतरांत

वरच्या कडेला उभं राहून कपारीत डोकावायचं नाही. माती सुटी असते, तुम्ही घसराल किंवा ढेकूळ पिल्लांवर पडेल. समोरच्या काठावरून, मधे अख्खं कोतर ठेवून, ५० मीटरहून लांब बसा. शृंगी घुबडाची पिल्लं उडता येण्याआधीच चालत कपार सोडतात आणि आजूबाजूच्या झुडपांत, बिळांच्या तोंडाशी बसलेली सापडतात. म्हणून हंगामात कोतरातल्या पाऊलवाटेने चालत जाणंच टाळा. घुबड जमिनीवर लोळून जखमी असल्याचं सोंग करू लागलं तर फोटो काढत उभे राहू नका. पिल्लू तुमच्या पायाशी कुठेतरी आहे. आलात त्याच वाटेने मागे फिरा.

आणि विश्वामित्रीच्या काठी बसणार असाल तर मगरींचा विचार आधी, घुबडांचा नंतर. शहराच्या मधोमध मगरी असणारी ही नदी, आणि नेमक्या पिंगळ्याच्या हंगामातच मगरी काठच्या मातीत अंडी घालून त्यांची राखण करतात. संध्याकाळी पाण्यालगत तिपाई लावणं हा वेडेपणा आहे. पुलावरून किंवा वरच्या रस्त्यावरून जे दिसेल ते घ्या, एकटे जाऊ नका.

पिल्लू खाली दिसलं तर

बहुतेक वेळा ते ‘अनाथ’ नसतं. उडायला शिकणारी पिल्लं खाली पडतात, खोडाला नखं रोवत परत वर चढतात, आणि आई-बाप त्यांना खालीही भरवतात. लांब उभं राहून बघा. कुत्रा-मांजर जवळ असेल तर रुमालात अलगद धरून जवळच्या उंच फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, ही समजूत चुकीची आहे. पंख लोंबत असेल, रक्त असेल, तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून झाकण लावा आणि १९६२ या करुणा ॲम्ब्युलन्सच्या क्रमांकावर किंवा वनखात्याला कळवा. पाणी, दूध, पाव काहीही तोंडात घालू नका. आणि त्या अवस्थेत त्याचा फोटो काढत बसू नका.

उत्तरायण झाल्यावर एक काम मात्र सगळ्यांनी करावं. पतंगाची दोरी झाडांत महिनोन्महिने लोंबकळत राहते आणि उडायला शिकणाऱ्या पिल्लांच्या पंखात अडकते. जानेवारीअखेर, पिंगळ्याची अंडी व्हायच्या आधी, आपल्या नेहमीच्या झाडांभोवतीची हाताला येईल तेवढी दोरी गोळा करून टाका.

कायदा आणि नंतरची गुप्तता

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पक्ष्यांच्या घरट्यांना किंवा अंड्यांना त्रास देणं हेही शिकारीतच मोडतं. ‘मी फक्त फोटो काढत होतो’ हा बचाव होत नाही. जांबुघोडासारख्या अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याचा परवाना आधी घ्या. विद्यापीठाच्या आवारात सुरक्षारक्षकाला विचारून आत जा, खासगी वाड्यात मालकाला.

ठिकाण कुणालाही सांगू नका. दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपायी घुबडं पकडून विकली जातात, त्यांचे बळी दिले जातात, आणि एखाद्या हौशी ग्रुपवर टाकलेला ‘लोकेशन पिन’ भलत्याच माणसाच्या हाती पडायला वेळ लागत नाही. फोटो टाकण्याआधी फाइलमधली जीपीएस माहिती काढा. मोबाइलवरून काढलेल्या फोटोंत ती बरेचदा असते. चौकटीत देवळाचा कळस, दुकानाची पाटी, ओळखू येणारा पूल येतोय का बघा. फोटोखालच्या ओळीत फक्त ‘वडोदरा जिल्हा’ लिहा, आणि कुटुंब ढोली सोडून गेल्यावरच फोटो टाका. मित्राने फार आग्रह केला तर त्याला झाड दाखवण्याऐवजी गोळ्या आणि पांढरे ओघळ कसे शोधायचे ते शिकवा. त्याच्या सोसायटीच्या मागच्या चिंचेवरही एखादं जोडपं असेलच. ढोलीचा पत्ता मात्र तुमच्या वहीत, तारखांसकट लिहून ठेवा. जोडपं बरेचदा तीच ढोली पुन्हा वापरतं, तेव्हा पुढच्या जानेवारीत पहिली फेरी तिथेच मारायची, कॅमेरा न घेता.